मागच्या फाटकाची पंगत

मे महिना लागला, सरकारी शाळांना कुलपं लागली, आणि त्याच सकाळी बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या विनायकरावांना गरिबांच्या लेकरांचा कळवळा आला. असा कळवळा त्यांना वर्षातून दोनतीनदा येई, आणि आला की तो फ्लेक्सवर छापून चौकात टांगल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. थंडीत घोंगड्या वाटून झाल्या होत्या. पावसाळ्यात रोपं लावून झाली होती. ती वाळली, फोटो तेवढे हिरवेगार राहिले. उन्हाळा मात्र आजवर कोरडा गेला होता.

मंगलाबाई स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होत्या. नवऱ्याचा फोनवरचा आवाज भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू येत होता. विनायकराव फोनवरही सभेत बोलल्यासारखेच बोलत.

"लीलाधर, तू विचार कर. शाळा बंद म्हणजे शाळेतलं जेवण बंद. जून उजाडेपर्यंत ही लेकरं दुपारी खातील काय? आपण शिबिर घेऊ. सकाळी खेळ, चित्रं, नाटक. दुपारी गरम जेवण. शाळा उघडेपर्यंत रोज! आणि सगळ्यांसाठी खुलं बरं का. एकदम खुलं!"

लीलाधर म्हणजे विनायकराव अध्यक्ष असलेल्या मंडळाचा सचिव. विनायकरावांना शिंक येण्याआधी रुमाल पुढं करणारा माणूस. त्यानं पलीकडून "वा भाऊसाहेब, क्या बात है!" म्हटलं असणारच.

मंगलाबाईंच्या हातातलं उलथणं क्षणभर थांबलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा पहिल्यांदाच काहीतरी खरं बोलला होता. मंडळाच्या सभागृहाला लागूनच मागे निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, सफाई कामगारांची गल्ली होती. तिथले आईबाप पहाटे झाडू घेऊन निघत, ते ऊन डोक्यावरून कलल्यावर परतत. शाळा चालू असली की पोरांना तिथं वरण-भात, भाजी-पोळी मिळे. सुट्टी लागली की चहात बुडवलेल्या टोस्टवर दुपार निघे. सुट्टी म्हटलं की लोधीपुऱ्यातल्या मुलांच्या तोंडाला पाणी सुटे, आणि मागच्या गल्लीतल्या पोरांच्या पोटात खड्डा पडे. मंगलाबाईंना हे माहीत होतं, कारण त्यांच्या गच्चीवरून ती गल्ली दिसे. माहीत असून त्यांनी आजवर काही केलं नव्हतं, हेही खरं.

नवरा माणसात आला असं वाटून त्यांनी त्या दिवशी पोह्यांवर खोबरं जरा जास्तच घातलं. शिबिराच्या स्वयंपाकाची देखरेखही आपणहून अंगावर घेतली.

चौकात फ्लेक्स लागला. त्यावर विनायकराव हात जोडून उभे होते, पुरुषभर उंच. शिबिरातली मुलं खालच्या कोपऱ्यात होती, जिलेबीवरच्या माशीएवढी.

पहिल्या दिवशी लोधीपुऱ्यातली मुलं टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या गळ्यात अडकवून आली. मंगलाबाईंची नात अमृताही आली. मंडळाच्याच शाळेत शिकवणारी पूर्णिमा नावाची तरुण शिक्षिका खेळ आणि नाटक घेणार होती. ती सिंधीपुऱ्याहून स्कूटीवर यायची. सकाळ छान गेली. दुपारी मागच्या गल्लीतली पोरं आली. तेल लावून, भांग पाडून, धाकट्यांची बोटं धरून ती पुढच्या पायऱ्या चढू लागली, तेवढ्यात लीलाधर दारात आडवा झाला.

"अरे बेटा, इकडून नाही. तुमची सोय मागे केली आहे. मागच्या फाटकानं या."

आवाज इतका गोड होता की पोरांनी तो खरा मानला आणि वळसा घालून गेली. मागे पत्र्याचं छप्पर होतं, मोरी होती, नळ होता. तिथं पोती अंथरली होती. सभागृहात सतरंज्या, स्टीलची ताटं. मागे पोती, पत्रावळी. आतली पंगत उठल्यावर उरलेलं बाहेर जायचं. सकाळच्या खेळाला त्या पोरांना जागाच नव्हती; त्यांनी फक्त जेवणाच्या वेळेला यायचं.

जात हा शब्द त्या वास्तूत कुणी उच्चारला नाही. लोधीपुऱ्यातली सुशिक्षित माणसं तो उच्चारतच नाहीत. त्यांनी त्याला न्हाऊ-धुऊ घालून, कपडे चढवून त्याचं नाव 'सोय' ठेवलं आहे. आपल्याकडे कुणी कुणाला बाहेर काढत नाही. सोय करतात.

मंगलाबाईंनी हात धुवायला आलेल्या नवऱ्याला गाठलं.

"अहो, ती पोरं बाहेर का बसवलीत?"

"बाहेर कुठं? शेडमध्ये आहेत. उलट हवा लागते."

"मग अमृतालाही बसवा की हवेला."

विनायकरावांनी टॉवेलनं बोटं एकेक करून पुसली. "मंगला, मी जात मानतो का? सांग ना, मानतो? दिवाळीला मी स्वतः त्यांना मिठाईचा डबा देतो."

"हातात देता, की पायरीवर ठेवता?"

"तुला ना, वाकड्यातच शिरायचं असतं! अगं, लोकांचं बघावं लागतं. उद्या लोकांनी आपली पोरं पाठवली नाहीत तर शिबिर चालेल कसं? आणि शिबिर बंद पडलं तर त्या बिचाऱ्यांच्या तोंडी काय पडेल?"

म्हणजे त्या पोरांचं भलं व्हावं म्हणूनच त्यांना मोरीशी बसवलं होतं.  मंगलाबाईंनी एवढंच केलं, की दुसऱ्या दिवसापासून बाहेरचं जेवण आधीच वेगळं काढून, गरम असतानाच पाठवलं आणि स्वतः वाढायला गेल्या. आपण काहीतरी केलं, असं त्यांना बरेच दिवस वाटत राहिलं.

नाटक अन्नपूर्णेचं होतं. शंकर म्हणतो, हा संसार माया आहे, अन्नही माया आहे. मग पार्वती रागावून निघून जाते, जगात दाणा उरत नाही, आणि शेवटी शंकर कटोरा घेऊन तिच्याच दारात येतो. पूर्णिमानं ते मुलांसाठी सोप्या भाषेत लिहिलं होतं. अन्नपूर्णेचं काम लीलाधरच्या भाचीला दिलं होतं आणि तिचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नव्हता. वैतागलेली पूर्णिमा एकदा पाणी प्यायला स्वयंपाकाच्या बाजूला आली, तेव्हा मागच्या नळापाशी एक नऊ-दहा वर्षांची मुलगी भिंतीवर चढलेल्या धाकट्या भावाला हाक मारत होती.

"गोटूऽऽ! उतर खाली, नाही तं टंगडी तोडीन तुही!"

आत स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातून झाकण खाली पडलं. पूर्णिमा मात्र खूश होऊन बाहेर धावली.

"ए, तुझं नाव काय?"

"रंजिता."

"नाटकात काम करशील?"

"जेवाच्या आधी का जेवल्यावर?" रंजितानं विचारलं. तिच्या दृष्टीनं प्रश्न तेवढाच होता.

पूर्णिमा या मंडळात नवी होती. कोण कुठल्या फाटकानं येतं, यावरून काय समजायचं, हे तिच्या डोक्यात अजून नीट शिरलं नव्हतं. तिनं पोरीला हाताला धरून पुढच्या सभागृहात नेलं. दोन दिवसांत रंजिताचं सगळं पाठ झालं. तिच्या बोलण्यात एक ठसका होता, तो शिकवून येत नाही. कमरेवर हात ठेवून ती शंकराला म्हणाली, "अन्न माया आहे म्हणता ना? मग भूकही मायाच असेल. बसा तिच्याशी खेळत!" तेव्हा तालीम बघायला आलेले विनायकराव खो खो हसले.

"वा! कुणाची गं ही?"

लीलाधरनं त्यांच्या कानाशी लागून सांगितलं, कुणाची ते. विनायकरावांचं हसू चेहऱ्यावरून लगेच गेलं नाही. पाहुणे आल्यावर घाईनं झाकलेल्या पसाऱ्यासारखं ते ओठांच्या कोपऱ्यातून थोडं दिसत राहिलं. पण आता तिला काढायचं कसं? भोपाळहून एक बडे पाहुणे येणार होते, वर्तमानपत्रवाले येणार होते, आणि भाचीचा आवाज डासासारखा होता. तेव्हा रंजिता राहिली. तालमीपुरती आत, जेवणापुरती बाहेर.

"मुकुट इथं काढून ठेव हं बेटा," लीलाधर रोज म्हणायचा, "जेवताना खराब होईल." पोरगी सोनेरी कागदाचा मुकुट टेबलावर ठेवायची आणि मागच्या फाटकाकडे जायची. देवी म्हणून ती आत चालत होती. भूक लागली की तिची सोय मागे होती.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी खरी अडचण उभी राहिली. नाटकाच्या शेवटी अन्नपूर्णा रंगमंचावरून उतरून पहिल्या रांगेतल्या मंडळींना स्वतःच्या हातानं शिऱ्याचा प्रसाद देते, असं पूर्णिमानं बसवलं होतं. पाहुण्यांना ते कळवून झालं होतं. विनायकरावांच्या दिवाणखान्यात त्यावर बैठक झाली. तिथं लीलाधरनं तोडगा काढला आणि तो काढताना त्याच्या चेहऱ्यावर शास्त्रज्ञासारखं तेज आलं.

"भाऊसाहेब, डबल रोल! रंजिता डायलॉग बोलून आत जाईल. तसाच शालू, तसाच मुकुट घालून आपली अमृता बाहेर येईल आणि प्रसाद देईल. कुणाला पत्ताही लागणार नाही."

"बढिया!" विनायकरावांनी मांडीवर थाप मारली. "मंगला, अमृतासाठी तसाच शालू शिवून टाक."

अशा रीतीनं बऱ्हाणपुरात एकाच नाटकात दोन अन्नपूर्णा झाल्या. एक बोलायची, एक वाढायची. पूर्णिमा कोपऱ्यात ओढणीचं टोक पिळत बसली होती. चहाच्या कपबश्या उचलताना ती मंगलाबाईंना हळूच म्हणाली, "काकू, मला पटत नाही हो. पण मी बोलले तर नोकरी जाईल." मंगलाबाईंनी तिच्या हातातल्या कपबश्या घेतल्या. नोकरी नसलेल्या त्या स्वतः कुठं बोलल्या होत्या?

दुपारी त्या शिलाई मशिनवर बसल्या. अमृता शेजारी उभी राहून लाल कापड गालाला लावून बघत होती.

"आजी, मी का प्रसाद द्यायचा? ते तर रंजिताचं काम आहे."

"आजोबांनी सांगितलंय."

"रंजिताच्या हाताला काही झालंय का?"

मशिन थांबलं. काय सांगायचं? खरं सांगावं तर ते विष आज या पोरीच्या कानात पहिल्यांदा आपल्याच तोंडून जाणार. आणि खोटं सांगावं, तर रंजिताच्या हाताला काहीतरी झालंय, असं ही उद्या शिबिरात सगळ्यांना सांगणार. मंगलाबाईंना नवऱ्याची चीड नेहमीचीच होती. या वेळी तिच्या जागी शिसारी आली. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची येते तशी. त्या उठल्या, चप्पल पायात सरकवली आणि आयुष्यात पहिल्यांदा मागच्या गल्लीत शिरल्या.

रंजिताची आजी गोदाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. निगममधल्या नोकरीतून सुटलेली, पाठीत वाकलेली, पण जिभेनं ताठ. तिनं मंगलाबाईंना बसायला खाट दाखवली, स्वतः उठली नाही. मंगलाबाईंनी अडखळत दोन अन्नपूर्णांची गोष्ट सांगितली. गोदाबाईचे हात सुपात चालूच राहिले.

"मंग? याच्यात नवीन काय हाय?"

"तुम्हाला राग नाही येत?"

"राग पोट भरल्यावर येते बाई. मी पोरीले मान मागाले नाही धाडत तिकडे, जेवाले धाडते. तुमचे मालक हात जोडून फोटोत उभे राहाले, तवाच मले मालूम होतं का वाढतीन कुठं." मग तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "आन एक सांगते, तुमी काही करू नका. तुमी भांडसान, घरी जाऊन झोपसान. शिबिर बंद पडलं तं आमचे लेकरं काय खातीन? शाळा उघडाले लय टाइम हाय अजून."

हे बोलणं मंगलाबाईंनी नीट ऐकलं. ऐकलं आणि मानलंही. रात्रीतून शालू पुरा केला. दुसऱ्या दिवशी अमृताला नटवून, शिऱ्याचं तबक घेऊन त्या ठरल्याप्रमाणे पडद्याआड उभ्याही राहिल्या.

नाटक फार रंगलं. रंजितानं शंकराला असं काही फैलावर घेतलं की पाहुण्यांनी मान वळवून विनायकरावांना दाद दिली, आणि विनायकरावांनी ती स्वतःच पोसलेल्या मुलीची असावी तशी स्वीकारली. शेवटी शंकर दारात आला, कटोरा पुढं झाला, टाळ्या झाल्या. रंजिता धापा टाकत आत आली. समोर तशाच शालूत, तशाच मुकुटात अमृता उभी होती. रंजितानं तिच्याकडे पाहिलं, तबकाकडे पाहिलं, आणि कुणी सांगायच्या आधीच दोन्ही हात पाठीमागे घेतले.

तेवढं पाहिलं आणि मंगलाबाईंना गोदाबाईचं बोलणं आठवेना. त्यांनी तबक उचललं आणि रंजिताच्या पाठीमागचे हात ओढून त्यांत ठेवलं.

"जा. तुझं काम आहे हे."

"मी पण जाऊ, आजी?" अमृतानं विचारलं.

"तू पण जा. तिच्या मागं."

दोन अन्नपूर्णा पायऱ्या उतरल्या. रंजिता कुणाची, हे पाहुण्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं, म्हणून ते बिचारे सुटले. त्यांनी हात पुढं केला, शिरा खाल्ला, बोटंही चाटली. पण लीलाधर मागून झुकला आणि पहिल्या रांगेतून एक कुजबुज सरकत गेली. मग त्या रांगेतली माणसं जे वागली, ते मंगलाबाईंनी पडद्याच्या फटीतून डोळे भरून पाहिलं. कुणी नको म्हटलं नाही. कुणी तोंड फिरवलं नाही. त्यांनी फक्त हात जोडले. देवीला नमस्कार! ओंजळ करायच्या ऐवजी हात जोडले की भक्तीही दिसते आणि प्रसादही टळतो. एकेका माणसासमोर रंजिता चमचा धरून थांबली आणि एकेक माणूस भक्तिभावानं मान लववत गेला.

विनायकरावांनी तर डोळेच मिटून घेतले.

"आजोबा, हात पुढं करा ना," अमृता म्हणाली.

विनायकरावांची समाधी आणखी गाढ झाली.

रंजिताचा चमचा खाली आला. तिनं जोडलेल्या हातांची सगळी रांग एकदा नीट बघून घेतली. रडेल असं वाटलं. ती रडली नाही. रंगमंचाकडे पाठ करून, सभागृहाच्या मागच्या दाराकडे तोंड करून ती ओरडली,

"गोटूऽऽ! समदे या रे! शिरा हाय, गरम हाय, कोनी खाऊन नाही राहिलं!"

मागच्या फाटकाशी थांबलेली पोरं आत घुसली. सतरंजीवर, पाहुण्यांच्या पायाशी, जागा मिळेल तिथं बसली आणि हात पुढं केले. शिरा तो शिरा. लोधीपुऱ्यातलीही पाचसहा पोरं त्यांच्यात जाऊन बसली. लगेच आया धावल्या. "चल बेबी, घरी करते तुला शिरा," करत त्यांनी पोरांना दंडाला धरून उठवलं. एका मुलाचा घास तोंडात होता. त्याच्या आईनं तो बोट घालून बाहेर काढला. ती बाई मंडळाच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होती.

घरी आल्यावर विनायकराव गरजले, "तू माझी इज्जत मातीत घातलीस!"

"मी नाही घातली," मंगलाबाई पदर खोचत म्हणाल्या. "डोळे उघडले असते तर तुम्हाला दिसलं असतं कोण घालतंय."

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर मंडळाचा निरोप फिरला: वाढत्या तापमानामुळे, बालकांच्या आरोग्याचा विचार करून, शिबिर स्थगित. बऱ्हाणपुरात मे महिन्यात ऊन पडतं, हे विनायकरावांना त्या दिवशी कळलं.

दुपारी मागच्या फाटकाला कुलूप होतं. पोरं बराच वेळ तिथं उभी राहिली. शिजल्याचा वास येत नाही म्हटल्यावर परत गेली. मंगलाबाई गच्चीवरून बघत होत्या. थोड्या वेळानं गोदाबाई घराच्या पुढच्या दाराशी आली. आत या म्हटलं, तरी ती आली नाही.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "मी हात जोडून सांगतलं होतं. शूरपना तुमचा झाला, उपास आमच्या लेकराचा. तुमी चूप काहून नाही बसल्या? दोन आठवडे पोरीनं हात मागं धरले असते तं मरत नोती ती."

नवऱ्यासाठी जन्मभर जपून ठेवलेला तुच्छतेचा सगळा साठा त्या क्षणी मंगलाबाईंवरच उलटला. एका तबकाच्या पराक्रमावर त्या रात्रभर सुखानं झोपल्या होत्या.

"मी डबे पाठवते रोज," त्या घाईनं म्हणाल्या. "माझ्या घरून."

"डबे!" गोदाबाई दारातच थुंकेल असं वाटलं. "म्हंजे पुन्हा तुमी देनार, आमी घेनार. मंग त्या मोरीत आन याच्यात फरक काय?"

"मग तुम्ही सांगा काय करू."

गोदाबाई या उत्तराच्या तयारीनं आली नव्हती. ती उंबऱ्याशी टेकली.

"दाने आना. गल्लीत चिंचेखाली चूल मांडू. शिजवनार आमी. आन तुमचे लोधीपुऱ्याचे लेकरं तिथं येऊन जेवले पाहिजे, आमच्या हातचं. ते आले तं मी मानीन. नाही तं जे देसान ते भीकच."

मंगलाबाईंचा भाऊ जीवन जवळच्या दापोऱ्यात केळीची शेती करतो. त्याला फोन गेला. संध्याकाळी गहू, तूरडाळ आणि केळीचे घड घेऊन त्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. मंगलाबाईंनी घरातली मोठी पातेली काढली. दुसऱ्या सकाळी चूल पेटली. अमृता आजीचं बोट धरून आली. तिच्याशिवाय लोधीपुऱ्यातलं कुणी आलं नाही.

मग मंगलाबाई दारोदार फिरल्या. काय उत्तरं मिळाली! एकीच्या मुलाला ऊन सोसत नव्हतं; तो समोर गल्लीत क्रिकेट खेळत होता. एकीला मसाला चालत नव्हता. एकीचा त्या गल्लीतल्या कुत्र्यांवर विश्वास नव्हता. नागरिकशास्त्राच्या बाई तर भावूक झाल्या: "काकू, तुमचं कार्य फार मोठं आहे. आम्ही मनानं तुमच्यासोबत आहोत."

"मन नको," मंगलाबाई म्हणाल्या. "पोरगा पाठवा. मन जेवत नाही."

घरी त्यांनी दुपारचा स्वयंपाक बंद केला. विनायकरावांनी रिकामं ताट वाजवून बघितलं.

"मी काय खाऊ?"

"चिंचेखाली पंगत बसते. चला."

विनायकराव त्या दिवशीपासून चौकातल्या कचोरीवर राहू लागले. कुणी विचारलं तर पथ्य आहे म्हणत. कचोरीचं पथ्य जगात त्यांना एकट्यालाच असावं.

चौथ्या की पाचव्या दिवशी पूर्णिमाची स्कूटी गल्लीत आली. मागे डफली आणि रंगांचं खोकं बांधलं होतं. मंडळानं तिला शाळा उघडल्यावर येऊ नका म्हणून कळवलं होतं. "आता घाबरायला काही उरलंच नाही, काकू," ती म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. सकाळी चिंचेखाली नाटक, चित्रं, लंगडी सुरू झाली. त्या गल्लीतल्या पोरांना सुट्टीत पोटाबरोबर दुसरंही काही लागतं, हे कुणाच्या ध्यानातच आलेलं नव्हतं. डफलीचा आवाज लोधीपुऱ्याच्या खिडक्यांत गेला, आणि आयांनी अडवलेली पोरं एकेक करून निसटू लागली. काही जेवून गेली, काही जेवायच्या वेळेला पळाली, दोघांनी घरी जाऊन सांगितलं आणि मार खाल्ला. त्यातला एक पुन्हा आला.

मंगलाबाई आणि गोदाबाई मिळून एका सरकारी कचेरीतही जाऊन आल्या. सुट्टीत शाळेची चूल चालू ठेवा, एवढंच मागणं होतं. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली ती एकीलाच. मंगलाबाई बसल्या नाहीत. "वरून आदेश नाही," साहेब म्हणाले. "सुट्टीत मुलांना भूक लागते का, हेच आम्हाला कधी विचारलं गेलेलं नाही." हे त्यांनी अगदी गांभीर्यानं सांगितलं. दोघी खाली उतरल्या तेव्हा गोदाबाईला हसू आवरेना; तिला हसताना मंगलाबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं.

जूनचा मध्य आला. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती. चिंचेखालची शेवटची पंगत बसली; यायला हवी होती त्यापेक्षा लोधीपुऱ्यातली पोरं फार थोडी होती, पण होती. रंजिता वरण वाढत होती, अमृता तिच्यामागून पोळ्या. गल्लीच्या तोंडाशी छत्री धरून विनायकराव उभे होते. नातीला बोलवायला आलोय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. नजर मात्र वरणाच्या बादलीवर होती. अमृतानं हाक मारली, "आजोबा, या ना, जागा आहे!" त्यांनी घड्याळात पाहिलं, आजूबाजूच्या खिडक्यांकडे पाहिलं, आणि छत्री जरा खाली घेऊन परत वळले.

मंगलाबाईंनी त्यांना थांबवलं नाही. त्या मिठाची वाटी घेऊन पुढच्या पानाकडे सरकल्या.

"हात चालवा जरा, बाई," गोदाबाई मागून खेकसली. "मीठ वाढाले एवढा टाइम? लेकरं खोळंबले." आणि मग चुलीतलं लाकूड बाहेर ओढत, कुणाकडेही न बघता तिनं विचारलं, "दिवाळीची सुट्टी लागीन तवा?"

"तेव्हाही इथंच. सकाळचं नाटक, दुपारची पंगत. आणि त्याआधी रोज त्या कचेरीत."

गोदाबाईनं लाकडावर पाणी शिंपडलं. धूर दोघींच्याही डोळ्यांत गेला.

"बघू," ती म्हणाली. "तुमी टिकल्या तं."